बदलीवरचा वाल्मिक

सुरतेच्या गोडादऱ्यात कोणाची पोर काय शिकते ते अख्ख्या सोसायटीला पाठ असतं. कोणी बी.कॉम., कोणी नर्सिंग, एखादी बी.एड. या तिन्हींत जी बसत नाही ती पोर म्हणजे आईबापाच्या जिवाला घोर. मगन बोरसेची नूतन अशीच कुठे बसत नव्हती. ती बी.ए. करत होती, पण पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयात. हे नाव मगनला एका दमात घेता यायचं नाही. लूमवर शेजारच्याने विचारलं की तो अहिराणीत सांगून मोकळा व्हायचा, "पेपरनं शिकस." शेजारचा म्हणायचा, पेपर तर वाचायचा असतो, तो शिकायचा कसला? मगन हसून धाग्याकडे वळायचा. त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

नूतन आता तिसऱ्या वर्षाला होती. तोवर ती बातमी लिहायला शिकली, कॅमेरा धरायला शिकली, रेडिओसाठी बोलायला शिकली. इंग्रजी पुस्तकांतले मोठमोठे शब्द परीक्षेपुरते पाठही केले. घरी शोभाबाई, तिची आई, साड्यांना खडे चिकटवायचं काम आणायची. नूतन वाचता वाचता खडे चिकटवायची, आणि एखाद्या पानावर डिंकाचा ठसा उमटला की आईलाच रागवायची. आई म्हणायची, "बरं झालं. तुझ्या पुस्तकाला तेवढीच चमक."

या शिक्षणाचं खूळ तिच्या डोक्यात घातलं ते तिच्या मामाने. वाल्मिक, शोभाबाईचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावीस, शिक्षण दहावी, आणि तोंड असं की मुंगीच्या लग्नाचंही आमंत्रण हत्तीला देऊन येईल. बारावीनंतर नूतनला मोटरसायकलवर मागे बसवून त्यानेच कॉलेजात नेलं, त्यानेच फॉर्म आणला, आणि पत्ता खोडून खोडून तिसऱ्या वेळी बरोबर लिहिला. मगन कुरकुरला तर म्हणाला, "भाऊजी, आपल्या गल्लीत हजार माणसं, पण आपलं कोणी लिहीत नाही. एकीला शिकू द्या." हे वाक्य मगनला पटलं की नुसतं ऐकायला बरं वाटलं, देव जाणे, पण फी भरली गेली.

आता बदली म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. सुरतेच्या कारखान्यातली जागा म्हणजे एसटीतली जागा, रुमाल न टाकता उठलात की गेली. म्हणून खान्देशचा माणूस महिना-दोन महिने गावी निघाला की आपल्या जागी भावाला, मेहुण्याला, नाहीतर गाववाल्याला उभा करतो. तो बदलीवरचा. त्याने हजेरी मूळ माणसाच्या नावाने द्यायची, हाकेला मूळ माणसाच्या नावाने ओ द्यायची, आणि मूळ माणूस परतला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. मालकाला काम करणारे दोन हात हवे असतात, ठेकेदाराला वहीत एक नाव हवं असतं, दोघांचंही भागतं. यात कोणाला चोरी वाटत नाही. मगनने केलं होतं, मगनच्या बापाने केलं होतं.

तीन घरं सोडून बळीराम निकम राहायचा. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, चौदा वर्षं लागलेला, कामगार विम्याचं कार्ड असलेला, म्हणजे गल्लीतला तालेवारच. संक्रांतीनंतर त्याची म्हातारी गावी पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. बळीरामला जाणं भाग होतं. वाल्मिक तेव्हा रिकामा होता. तो काम करायचा ते लूमचं खातं बंद पडलं होतं, बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. बळीरामने त्याला बदलीवर उभा केला आणि तो गेला.

पहिले दोन दिवस कारखान्यात कोणी "ए बळीराम" म्हटलं की वाल्मिक मागे वळून बघायचा, बळीराम आला की काय. आठवड्याभरात इतका सराईत झाला की गोडादऱ्यात कोणी बळीरामच्या पोराला बापाच्या नावाने हाक मारली तरी हाच ओ द्यायचा. शोभाबाई त्याला छळायची, "या बळीरामभाऊ, जेवायला बसा." तो पाटावर बसून म्हणायचा, "सचिनला बळीराम, गोडादऱ्याला वाल्मिक. पगार एकाला, भूक दोघांना."

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी त्याचा उजवा हात मशीनच्या दोन रोलरांमध्ये गेला. कापड ओवताना बोटं आत खेचली जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी असते. साफसफाईला अडचण होते म्हणून ती महिनाभरापूर्वी काढली होती, ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. मनगटापर्यंत हात आत गेला तेव्हा कोणीतरी मशीन बंद केलं. ठेकेदार प्रवीण धावला. हा प्रवीणही आपल्याकडचाच, पर्वत पाटिया भागात राहणारा, माणूस वाईट नाही. त्याने वाल्मिकला रिक्षात घातलं आणि थेट विम्याच्या दवाखान्यात नेलं. खिडकीवर बाईंनी नाव विचारलं. प्रवीणने वहीत होतं ते नाव सांगितलं, बळीराम श्रावण निकम, आणि कार्डाचा नंबर दिला. कार्डावरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, त्यात मिशी आणि आजूबाजूला बायको-पोरं, कोण निरखून बघतंय. रक्त थांबवायचं होतं. त्या घडीला प्रवीणच्या जागी तुम्ही असतात तरी तेच केलं असतं.

डॉक्टर हाताचे चांगले निघाले. दोन ऑपरेशनं झाली, पाचही बोटं राहिली. तिसरं राहिलं होतं. आतल्या शिरा जोडायच्या होत्या, जखम सुकली की तीन आठवड्यांनी. डॉक्टरांनी शोभाबाईला स्वतःची मूठ वळवून दाखवली होती, हे ऑपरेशन वेळेवर झालं की अशी मूठ वळेल, सहा महिन्यांत माणूस कामाला लागेल. त्या मुठीवर सगळं घर टांगलेलं होतं. बळीरामनेही गावाहून फोनवर सांगितलं, कार्ड लागेल तितकं वापरा, पुढे अधू हाताची पेन्शन बसली तर ती वाल्मिकची. असं बोलायलाही मोठं काळीज लागतं.

खाटेच्या डोक्याशी पाटी होती, बळीराम एस. निकम. वाल्मिक तिच्याकडे मान वळवून बघायचा आणि नूतनला म्हणायचा, "मेलो असतो तर सुतकसुद्धा निकमांच्या घरी."

त्याच दिवसांत कॉलेजात शेवटच्या सत्राचं मोठं काम आलं. विभागाचं आठ पानी पाक्षिक निघायचं, मुलांनी काढायचं आणि बहुतेक मुलांनीच वाचायचं. त्यासाठी प्रत्येकाने हिंदीत एका माणसाची खरी गोष्ट लिहायची होती, पंचवीस गुणांची. शिकवायला राखी मॅडम. त्यांचे वडील रेल्वेत होते, त्या सुरतेतच वाढलेल्या, मराठी बोलायच्या आणि त्यांच्याकडे चुकीला माफी नव्हती. पहिल्या वर्षी नूतनने एका मुलाखतीत माणसाच्या बापाचं नाव चुकवलं होतं. मॅडमनी तिला त्या माणसाकडे पुन्हा पाठवलं, उधन्यापर्यंत, भर उन्हात, माफी मागायला. तेव्हापासून नावाच्या बाबतीत नूतन दुधाने तोंड पोळल्यासारखी झाली होती.

तिने मॅडमना सांगितलं, मामाचं लिहिते. ती काढून ठेवलेली जाळी छापून आली तर कारखान्याला लाज वाटेल, जाळी परत बसेल, मामाला भरपाई देतील. एवढाच तिचा हिशोब. मॅडम म्हणाल्या, "लिही. नातं आहे ते लेखाखाली स्पष्ट छापायचं. त्यांची लेखी परवानगी घ्यायची. आणि नाव आल्याने नुकसान होणार असेल तर नाव बदलता येतं. ते त्यांना विचार. ठरवायचं त्यांनी."

मॅडमचं काय चुकलं? काही नाही. बदलीचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि नूतनने सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं काही असतं हेच तिच्या मनात आलं नाही. पाण्याला ओलं म्हणून कोणी सांगतं का.

तिने दवाखान्यात जाऊन मामाला विचारलं. वाल्मिक आधी हसला. "कॉलेजचा पेपर वाचतंय कोण? लिही." मग थोड्या वेळाने, नर्सबाई बळीराम बळीराम करत गोळ्या देऊन गेल्यावर, त्याचा आवाज उतरला.

"पण नाव माझं टाक. पूर्ण. वाल्मिक धुडकू महाले. दीड महिना झाला नूतन, दिवसभर मला माझ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. डॉक्टर बळीराम, कंपाउंडर बळीराम. सुई टोचतात तीही बळीरामला. दुखतं मात्र मला."

नूतनला शंका आली नाही असं नाही. तिने बळीरामचं नाव गाळलं, 'गावी गेलेल्या एका कामगाराच्या बदलीवर' एवढंच लिहिलं. दवाखानाही गाळला, कारखाना गाळला. आपण पुरेशी काळजी घेतली असं तिला वाटलं. वाल्मिकने परवानगीच्या कागदावर डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरासारखी मोठी मोठी अक्षरं, आणि म्हणाला, "बघ, याला म्हणतात खरी सही."

गुरुवारी पाक्षिक निघालं, इंटरनेटवर विभागाच्या पानावरही आलं. पान तीनवर बँडेजमधल्या हाताचा फोटो, शेजारी मशीन आणि जाळीची सगळी हकीकत, वर लेखिकेचं नाव, नूतन मगन बोरसे. मगनने ते मोबाईलवर चष्मा लावून, हिंदी अक्षर अक्षर लावत शोभाबाईला वाचून दाखवलं. मध्येच थांबून तो पुन्हा वर जायचा. मुलीच्या नावात बापाचं नाव छापून आलं होतं. तीस वर्षं सुरतेत काढली, मतदारयादी सोडली तर त्याचं नाव कुठे छापलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तो गहिवरला, आणि गहिवरलेल्या माणसाच्या हाती मोबाईल फार वाईट. त्याने ते पान भावाला पाठवलं, साडूला पाठवलं, आणि मग सुरतेतल्या खान्देशी भावबंदांच्या चारशे माणसांच्या ग्रुपवर टाकलं. सोबत लिहिलं, 'माझी मुलगी.'

संध्याकाळपर्यंत शंभर अंगठे आले. कोणी लिहिलं, खान्देशनी वाघीण. मगन एकेक अंगठा मोजत बसला. त्या चारशेंत कारखान्याचा टाइमकीपरही होता हे त्याला कुठून सुचणार. शुक्रवारी सकाळी ते पान छापील कागद होऊन मॅनेजरच्या टेबलावर गेलं.

शनिवारी सकाळी प्रवीण घरी आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि नूतनकडे बघत म्हणाला, "पोरी, काय करून बसलीस तू?"

मग त्याने सांगितलं. कारखान्याने दवाखान्याला पत्र दिलं होतं. आमचा बळीराम निकम जानेवारीपासून रजेवर आहे. जखमी इसम वाल्मिक महाले, तो आमचा कामगार नाही, आत कसा आला ठाऊक नाही, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे नूतनचा लेख. येत्या बुधवारी ठरलेलं तिसरं ऑपरेशन थांबवलं होतं. सोमवारी विम्याचा अधिकारी चौकशीला येणार होता. बळीरामची चौदा वर्षांची नोकरी शुक्रवारीच फोनवर गेली होती, आणि दुसऱ्याला कार्ड दिलं म्हणून त्याच्यावर केस होईल ती वेगळी. रोलरवरच्या जाळीचं पत्रात एक अक्षर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मगनने आधी कपाळावर हात मारून घेतला, मग घाईघाईने मोबाईल काढला आणि ग्रुपवरचं पान पुसून टाकलं. "काढलं," तो म्हणाला. "आता कोणाला दिसायचं नाही." नूतनने फोन हातात घेऊन पाहिलं. त्याने ते फक्त स्वतःच्या फोनमधून पुसलं होतं. बाकी चारशे जणांकडे ते जसंच्या तसं होतं, आणि एकदा असं पुसलं की सगळ्यांकडून पुसायची सोय राहत नाही. तिने बापाला सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेवढा एक सुटकेचा भाव होता, तो काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

"एक वाट आहे," प्रवीण म्हणाला. "तू लिहून दे. शिकाऊ मुलगी, नाव चुकलं. पेशंट बळीरामच. बदलीबिदली ऐकीव गोष्ट घातली. शिकताना पोरांच्या चुका होतात, साहेब लोकांनाही पोरं असतात. मी वाल्मिककडून बळीरामचं सगळं पाठ करून घेतो."

शोभाबाई खड्यांची थाळी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लिही. लाग लिहायला." नूतनने वाद घातला नाही. खरंखोटं ती वर्गात शिकली होती, पण डोळ्यांपुढे डॉक्टरांनी वळवलेली मूठ होती. मामाच्या हातासाठी असली दहा खोटी पत्रं लिहायची तिची तयारी होती.

ती आधी राखी मॅडमच्या घरी गेली. मॅडमनी पंख्याखाली बसून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बदलीचं मला एका शब्दाने बोलली असतीस तर." विभागाच्या पानावरून त्यांनी अंक तिथल्या तिथे काढायला लावला. "खोटी दुरुस्ती मी छापू शकत नाही, नूतन. पण तू तुझ्या सहीने कोणाला काय लिहून देतेस ते मला सांगू नकोस. मला ठाऊक नसू दे." एवढ्या शिस्तीच्या बाई, पण त्या दिवशी तिला सोडायला जिन्यापर्यंत आल्या.

सोमवारी अधिकारी आला. पन्नाशीचा, गुजराती, अंगाने बारीक, बोलायला मऊ. त्याने खाटेजवळ स्टूल ओढलं आणि हिंदीत पेशंटला नाव विचारलं.

"बळीराम श्रावण निकम," वाल्मिक म्हणाला. जन्मसाल सांगितलं, बायकोचं नाव सांगितलं, पोरांची सांगितली, कुठे अडखळला नाही. प्रवीण भिंतीला टेकून उभा होता.

नूतनने आपलं पत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने ते वाचलं, मग आपल्या फायलीतून लेखाचा कागद काढून शेजारी ठेवला.

"बेटा, हे तू लिहिलंस?"

"हो सर. नाव चुकलं."

"तपासलं नव्हतंस?"

"नाही सर. घाई होती."

"होतं असं," तो म्हणाला. "माझी मुलगीही असलंच काहीतरी शिकते, बडोद्याला." त्याने पेनाचं टोपण काढलं. नूतनच्या छातीवरचा दगड बोटभर उचलला गेला. आता हा माणूस लिहील आणि उठेल, आणि बुधवारी ऑपरेशन होईल.

पेन कागदावर टेकवायच्या आधी त्याने लेख एकदा शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक टाइपात एक ओळ होती. मॅडमच्या नियमाप्रमाणे टाकलेली. अधिकाऱ्याने ती मोठ्याने वाचली, 'वाल्मिक महाले हे लेखिकेचे सख्खे मामा आहेत.'

त्याने चष्मा काढला. रागावला नाही, उलट त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. "बेटा," त्याने विचारलं, "सख्ख्या मामाचं नाव चुकलं तुझं?"

नूतनने आपल्या पत्राकडे पाहिलं. काय सांगायचं? मामा दुसरा, हा माणूस दुसरा? मग दुसऱ्याचा हात आणि आपल्या मामाचं नाव कसं आलं? ती शब्द जुळवायला लागली आणि प्रत्येक शब्दापुढे भिंत. अधिकारी थांबून राहिला. त्याला घाई नव्हती, तेच तर वाईट होतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"साहेब, पोरीला नका छळू. मी वाल्मिक. वाल्मिक धुडकू महाले. बळीराम आमचा गाववाला आहे, त्याचा यात काही दोष नाही."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि लिहायला लागला.

दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. जखमेचं ड्रेसिंग करून दिलं, गोळ्याही दिल्या, दवाखान्याने माणुसकी सोडली नाही, पण ज्याचं कार्ड नाही त्याचं ऑपरेशन कोणत्या खात्यात करणार? एक वकील भेटला. तो म्हणाला, कायदा आहे, बदलीवरचा असला तरी काम तर करतच होता, मिळेल, पण आधी सिद्ध करा की त्या दिवशी वाल्मिक तिथे कामाला होता. सिद्ध करायचं कशाने? प्रवीणच्या वहीत बळीरामची हजेरी. सोबतच्या पोरांनी कानांवर हात ठेवले, त्यांच्यातलेही निम्मे कोणाच्या ना कोणाच्या बदलीवर. राहता राहिला नूतनचा लेख, आणि तो खोटा आहे असं तिनेच सही करून सोमवारी दिलेलं. नूतन एका हिंदी वर्तमानपत्राच्या कचेरीतही गेली. तिथल्या माणसाने चहा पाजला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, दुसऱ्याच्या नावाने काम करत होता ना, मग यात आम्ही कोणाची बाजू घ्यायची? तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती धुपाटणंही राहिलं नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात नव्याने सुरुवात झाली. नवा केसपेपर, नवे फोटो, नव्या तारखा. तिथली गर्दी म्हणजे मरणाला सवड नाही अशी, डॉक्टर तरी काय करतील. हात बघायलाच पंधरा दिवस गेले, ऑपरेशनला आणखी महिना. ज्या तरण्या डॉक्टरने ते केलं त्याने आधीच सांगितलं होतं की उशीर झाला आहे, आत सगळं धरून बसलंय. अंगठा थोडा हलायला लागला. बाकीची चार बोटं सरळच राहिली. मूठ वळणार नव्हती.

बळीराम परत आला आणि भाजीची गाडी लावून बसला. वाटेत भेटला की नूतनला अजून "कशी आहेस बेटा" म्हणायचा, आणि नूतन दुसऱ्या गल्लीने जायला लागली. परीक्षेचा निकाल लागला. अंतर्गत गुणांच्या यादीत माणसाच्या गोष्टीला तिला पंचवीसपैकी तेवीस होते, वर्गात सगळ्यांत जास्त. मॅडमनी ते प्रसंगाच्या आधीच लिहून दिले होते. ती यादी तिने घरी दाखवली नाही.

त्यानंतरच्या एका तारखेला ती मामाबरोबर दवाखान्यात गेली. आता दर तारखेला तीच जायची. बाकावर जागा मिळाली, नंबर लांब होता. वाल्मिक पूर्वीसारखा बोलायचा नाही. उजवा हात मांडीवर ठेवून तो समोरच्या भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचत होता, कदाचित दहाव्यांदा.

"मामा," नूतन म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं."

हे वाक्य ती दोन महिने सगळ्यांना म्हणत होती. मगन म्हणायचा, नाही गं, ग्रुपवर मीच टाकलं. राखी मॅडम म्हणाल्या, तू सगळं नियमाने केलंस. प्रवीण म्हणाला, नशीब. शोभाबाई ताटात आणखी एक भाकरी वाढायची. कोणीच ते तिच्या पदरात पडू देत नव्हतं, आणि त्यामुळे ते दिवसरात्र तिच्या मानेवर बसलेलं होतं.

वाल्मिकने पोस्टरवरून नजर काढली. आपल्या हाताकडे बघितलं.

"हां," तो म्हणाला. "तुन्हामुयेच व्हयनं."

नूतनने मान खाली घातली.

"मी हो म्हटलं होतं, तेही खरं आहे," तो पुढे म्हणाला, अजिबात न रागावता. "पण मी दहावी शिकलेला माणूस. मला काय कळतं, छापून आलेल्याचं काय होतं ते. ते तू शिकत होतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही, त्यानेही पुसू नको म्हटलं नाही. आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं, तिथे रडणारी माणसं बरीच असतात. खिडकीतून नंबराची हाक आली. वाल्मिक उठला, डाव्या हाताने काखेतली फाइल काढली आणि तिच्यापुढे धरली.

"चल," तो म्हणाला. "आत तूच बोल. मला नीट सांगता येत नाही."